दोलकर

मंगळवारी आणि गुरुवारी, खालची भट्टी विझली
की पोदेराच्या माडीवर वर्ग भरतो.
फरशी अजून तापलेली असते.
चपला बाहेर काढा असं मी म्हटलं नव्हतं,
त्यांनीच काढल्या. सहा जोड.
एका बुटाला लेस म्हणून सुतळी.

दोलकरला इंग्रजी येतं, पण भाव करण्यापुरतं.
लास्ट प्राइस. रिअल सिल्व्हर. फॉर यू, मॅडम.
तेवढ्यावर ती हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात
खोलीचं भाडं काढते.
"पण कुणी बसून बोलायलाच लागलं, बाई,
की माझे शब्द संपतात.
मग मी पुसलेली चांदी पुन्हा पुसते."

आज फळ्यावर 'फ्रॉम'.
मी सांगते: आपलं 'हून' गावाच्या मागून येतं,
पेडण्याहून, डिचोलीहून.
आधी गाव, मग निघणं.
इंग्रजीत उलटं. आधी निघायचं,
गाव कुठलं ते नंतर.

दोलकर म्हणते, आमच्यातही मागूनच.
हशमत म्हणतो, आमच्यात आधी. अझ हेरात.
म्हणून असेल, त्याला वाक्य एका दमात जमलं,
आणि मग तास संपेपर्यंत
त्याने वहीतून मान वर केली नाही.

बासष्ट साली माझे वडील इंग्रजी शिकले,
वय सेहेचाळीस,
कचेरीतल्या पोर्तुगीज फायली गाठोड्यात बांधून झाल्यावर.
विहिरीवर राजू ओढता ओढता, गो, वेंट, गॉन.
मी पायरीवर बसून हसायचे.
आणि त्यांनी तर घरसुद्धा सोडलं नव्हतं.

काल हजेरीची वही चाळत
खालचे विश्राम गावस विचारत होते,
"ही दोलकर खंयची? दोल खंय पडटा? सत्तरींत?"
इथे नावाला 'कर' लागला की मागे गाव असतंच,
एखादं देऊळ, थोडं खाजन,
जत्रेला तरी जायची जागा.
मी म्हटलं, लांब आहे.
"पेडण्यापलीकडे?"
हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"आय ॲम फ्रॉम," दोलकर म्हणते, आणि थांबते.
पाच वर्षांची असताना मामाच्या पाठीवरून
जे उतरत उतरत मागे गेलं,
त्याचं नाव मामाला ठाऊक होतं.
मामा मुंडगोडला गेला, छावणीतच.
आता पत्ता म्हापशाचा,
आणि कागद दरवर्षी नवा करायचा.
"बाई, एका वाक्यात तीन फ्रॉम चालतात?"
चालतात, मी म्हणते.
व्याकरणाचं काही अडत नाही.

निघताना मी तिला गावसांची गंमत सांगितली.
ती इतकी हसली की पायात चप्पल जाईना,
दाराला धरून उभी राहिली.
मग डोळे पुसत म्हणाली,
"आणि तिकडची बस किती वाजता सुटते,
ते नाही विचारलं त्यांनी?"