हद्द कायम

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
साखळी, झेंड्या, उन्हात उभे दोन भाऊ
एकमेकांकडे न बघता.
निवृत्त झालो, विश्रामबागेत दोन गुंठे,
घर वजा जाता उरली ती बाग:
दोरी लावून हिरवळ,
गेरू दिलेल्या तिरप्या विटा,
गुडघ्याएवढी मेंदी, पाणसळ ठेवून कापलेली.

दंडोबाच्या डोंगरावर गेलो होतो मागच्या थंडीत,
विजारीच्या दुमडीतून काही आलं असणार.
आषाढात पट्टणशेट्टींच्या भिंतीलगत
एक रोप, न विचारता.
बाबालाल विळा घेऊन येतो महिन्यातून एकदा.
"खुळखुळा हाय, सायेब. तागाच्या जातीचा.
काढू?"
काढ म्हणालो.
त्याने अर्धा छाटला, आणि चहा आला.

छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात वाळत पडल्या.
चौथ्या दिवशी त्या ढिगावर फुलपाखरं,
केशरी, काळ्या काठाची.
बिबळ्या कडवा, नातीने पुस्तकात बघून सांगितलं.
मी मोजली, सवयीने. एकोणीस.
गुलाबाकडे एकही नाही.
ढिगात फूल नव्हतं, मध नव्हता,
सुकल्या देठांना सोंड लावून बसली होती नुसती,
शालन आईच्या जुन्या पातळाला नाक लावते
तशी.

विळा मीच परत खुंटीला अडकवला.

उरलेलं अर्धं भाद्रपदात पिवळं झालं.
काळा भुंगा येतो नऊच्या सुमाराला,
अख्ख्या वजनाने बसतो,
फुलाची होडी खाली दबते,
टोकातून पराग निघून त्याच्या पोटाला लागतो
आणि तो उठतो, भिंतीवरून, पलीकडच्या शेवग्यावर.
दिवाळीनंतर पट्टणशेट्टींकडे शेंगाच शेंगा.
ते म्हणतात, शेणखत.
मी वाद घातला नाही. आमटी दोनदा झाली.

झाड आता दोरीबाहेर वाकलंय, विटांवर रेललंय.
पाहुणे आले की ओशाळायला होतं,
"काढायचं राहिलंय," म्हणतो मी
अजूनही.

मार्गशीर्षात शेंगा काळ्या पडल्या.
रात्री वारा सुटला, शालन उठून बसली.
"दारात कोण आलंय बघा."
"कोणी नाही. बी वाजतंय."

सकाळी ते काढून घेतलं
खात्याच्या एका जुन्या पाकिटात, मजकूर छापलेला.
गट नंबर: नाही.
क्षेत्र: एक मूठ.
चतुःसीमा, पूर्वेस:
इथे पेन टेकवलं
आणि पाकीट तसंच चिकटवलं.