पावती क्रमांक ४००३९९७

तुर्भ्याच्या भुईकाट्यावर
लसणाचा एक ट्रक वजन करून गेला, पावती विसरून.
हसुरामकाकांनी ती ट्यूबलाइटखाली धरली :
चाळीस लाख तीन हजार नऊशे सत्त्याण्णव.
म्हणाले, "ही फुटाची नाय बघ. मूळ संख्या हाय."

काका घणसोलीचे.
साडेबारा टक्क्यांच्या गावात
भागाकार सगळ्यांनाच येतो.
आधी आठानेच भागून पाहिलं, सवयीने. पाच उरले.
तिनाने दोन. साताने चार. अकराने आठ.

मग नीट मांडलं :
दोन हजार एकचा वर्ग पावतीपेक्षा फक्त चारने मोठा,
तेव्हा दोन हजारांच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की झालं.
तीनशे तीन.
दोन गाड्यांच्या मधे जेवढ्या होतील तेवढ्या,
रद्द पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीने.
कॅल्क्युलेटर टेबलावरच पडून. त्याला हात नाही.
"त्यो बाकी दाखवत नाय. निस्ते दशांश सांडतो."

सदतिसाने पाच. एकशे एकाने चोपन्न.
कधी डुलकी लागून हातचा चुकला,
की अख्खा भागाकार पुन्हा पहिल्यापासून.

अकराव्या रात्री एकोणीसशे सत्त्याऐंशी : बाकी एकशे ब्याण्णव.
एकोणीसशे त्र्याण्णव : साठ.
एकोणीसशे सत्त्याण्णव : बारा.
बाहेर टँकरवाला हॉर्न देत होता. मी त्याला थांब म्हटलं.
एकोणीसशे नव्व्याण्णव, यादीतली शेवटची.
भाग बसला दोन हजार तीनचा
आणि खाली काही उरलं नाही.

तीनशे दोन जणी हात हलवत परत गेल्या होत्या.

सकाळी डबा घेऊन काकांची नात आली, प्रचिती, नववीतली.
कागद पाहून उभ्याउभ्याच म्हणाली,
आजा, चार पण वर्गच की. अ वर्ग वजा ब वर्ग.
दोन हजार एकमधून दोन काढ, दोन हजार एकात दोन घाल,
झाले दोन्ही अवयव.

काका बराच वेळ गप्प.
तो चार त्यांच्याच अक्षरातला होता, पहिल्या रात्रीचा,
वर चहाच्या कपाचा गोल.
मग डब्याचं झाकण काढता काढता म्हणाले,
"पन एकशे एकानं चोपन उरतान,
ह्या मना कसा कललं असता?"

काट्यावर गाडी चढली. पाट किंचित खाली गेला.
छापून आलेल्या पावतीच्या शेवटी सहा होता.
काकांनी ती न बघताच फाडून दिली.