चौथं कडवं

शनिवारी रात्री साडेदहाला मी
गीत क्रमांक दोनशे सतरा
स्लाईडवर टाईप करत होते.
पाणी पाच दिवसांनी आलेलं,
आई बादल्या, कळश्या,
कुकरसुद्धा भरून ठेवत होती.
'तव' खोडून मी 'तुझा' केलं.
'करांतुनि'खाली कम्प्युटरनं लाल रेघ मारली.
जोएलचा मेसेज आला: तीनच कडवी घे.
चौथं नको, मरणाचं आहे ते,
आणि तिसऱ्यानंतर मला ब्रिज वाढवायचाय.

चौथं डिलीट केलं.
एका बटणाचं काम.

सकाळी मंडळीत
एक कहोन, दोन गिटार,
खोक्यावर खोकं रचून प्रोजेक्टर.
पायपेटी भिंतीला सरकवलेली,
तिच्यावर वायरींची भेंडोळी
आणि कुणाचं तरी हेल्मेट.
रत्नमाला भांबळबाई पहिल्या बाकावर.
चाळीस वर्षं ती पेटी त्यांच्या पायांनी श्वास घेत होती.
संधिवातानं बोटं वाकली, तेव्हा सोडली.
कुणी काढून घेतली नाही त्यांच्याकडून,
हे मुद्दाम लिहून ठेवते,
कारण लोक तसं सांगतात.

जोएलनं गीत धरलं.
चाल तीच, चालणं वेगळं.
जुनी चाल म्हणजे मिलचा भोंगा झाल्यावर
रिकामा डबा घेऊन घरी येणारा माणूस,
ही सात रस्त्यावर स्कूटीवरून वळणारी.
मला आवडली. खोटं का बोलू.
एरवी गीत सुरू झालं की
पाणी प्यायला उठणारी पोरं
या वेळी जागच्या जागी उभी राहिली,
आणि मागची रांग, घरी तेलुगू बोलणारी,
दुसऱ्या कडव्यापासूनच टाळीवर होती.

मग शब्द संपले. पडदा नुसता निळा.
जोएलचा हात ब्रिजकडे सरकला,
मध्ये श्वासाएवढी फट राहिली.
त्या फटीतून भांबळबाई शिरल्या:

*सुटता सूत करांतुनि माझ्या,*
*तू ते घे उचलोनी*

आवाज चांगला नव्हता.
वर जाताना चिरला, तसाच वर गेला.
डावीकडून दावीद रणभिसे आले,
मिल बंद पडली त्या दिवसाचा पगार
अजून येणं असलेले.
मग कांड्या भरणाऱ्या मार्थाबाई,
डोळे मिटून, हातात पुस्तक नाही.
त्यांचा अंगठा आणि तर्जनी
एकमेकांवर फिरत होती,
तुटला धागा सांधताना फिरतात तशी.
हे शब्द मराठीत आणणारा साहेब
कधी साच्यावर उभा राहिला नसेल.
त्याला काय माहीत,
हे कुणाच्या बोटांत जाऊन बसणार आहे.

जोएलनं तारांवर तळवा ठेवला.
त्याला हे कडवं येत नव्हतं.
कहोनवरचा पोरगा थांबायला विसरला,
वाजवत राहिला, आणि हळूहळू
बाईंच्या पायाला लागला:
बाकाखाली, चपलेतून काढलेला
त्यांचा उजवा पाय, मग डावा,
फरशी दाबत होता.

ब्रिज नंतर झाला.
जरा उघडाबोडकाच झाला.

बाहेर चहाच्या टेबलापाशी
मी म्हणाले, बाई, चौथं मीच काढलं.
त्या माझ्याकडं न बघता बशीत चहा ओतत राहिल्या.
"त्याचं काही नाही. पण 'तव' का बदललंस?
'तव' दोन मात्रांत उरकतं,
'तुझा' तीन खातो.
मला आता तेवढा दम नाही."
मग जोएलला विचारलं, ब्रिज म्हणजे काय रे?
त्यानं हातवारे करून सांगितलं,
कान लाल करून.
"अस्सं. पूल.
मग चौथ्यानंतर बांध की तो.
नदी तिथं आहे."

आज पुन्हा शनिवार.
'तव' लिहिलं. लाल रेघ आली,
ती राहू दिली.
जोएलनं चौथ्याच्या कॉर्ड मागितल्यात,
बाई म्हणतात, त्या पेटीवरच दाखवता येतील.
वायरी काढून ठेवल्या आम्ही.
हेल्मेट न्यायला मात्र
अजून कुणी आलेलं नाही.