दोन माणसांची भाषा

योजना पन्नासची. बिलावर पन्नास,
मिंगेलच्या शर्टाच्या खिशावर विणलेलेही पन्नास.
माझ्या मोबाइलवर काटा थरथरत दोनाशी येतो,
पाऊण होतो,
आणि सावईवेऱ्यात रात्री साडेनऊला
पुंडलीकचा हात कपाळापाशी थांबतो.

कपाळाला हात म्हणजे आमच्यात बाबा.
तोच हात गालावरून खाली आला तर ताप.
हात तिथेच आहे.
मागे स्विंडनची खोली, खुर्चीवर ओला कोट,
आणि मी वाट बघते
हात खाली येतो की नाही.

इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन,
कोकणीसाठी तीन, मराठीसाठी चार.
आमच्या भाषेला बटण नाही.
ती आम्हीच केली, न्हाणीमागच्या पायरीवर,
तो चार वर्षांचा, मी सहाची.
नारळ म्हणजे डोक्यावर टकटक,
शाळा म्हणजे कान पिरगाळणे,
पावाचा पोदेर म्हणजे अंगठ्याने दाबलेला भोंपू,
जो त्याने कधी ऐकला नाही.
आई-बाबांनाही थोडी यायची.
आता बोलणारी दोघं.

चार दाबले.
बावीस मिनिटं सनई. मग कीर्ती.
मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.
केला.
मॅडम, आमच्याकडे तुमची लाइन व्यवस्थित दिसतेय.
मला भाऊ दिसत नाही, मी म्हटलं.
व्हिडिओ अडकत असेल तर साधा कॉल करा ना,
आवाज छान जाईल.
त्याला ऐकू येत नाही, बाई.
क्षणभर तिकडेही काहीतरी अडकलं.
मग ती म्हणाली, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे,
आणि मला वाटतं, तेवढं तिने कागदावर न बघता म्हटलं.

लिहून का नाही पाठवत, असं शेजारची उर्मिलाही विचारते.
लिहायला त्याला तीनच शब्द नीट येतात.
मी बरा आहे.
गोदामात पायावर खोकं पडलं होतं
तेव्हाही तेच लिहिलं होतं.

नऊ बावन्नला मेसेज:
आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.
राउटरचा दिवा लाल.

चौथ्या दिवशी मिंगेल आला, शिडीशिवाय.
कुळागरात मान वर करून उभा राहिला.
तार पोफळीवरून पोफळीवर, मिरवेलीत गुंतलेली,
मधे एका ठिकाणी माकडांनी चघळलेली.
बाये, हें म्हज्या हातांत ना, म्हणाला,
आणि त्याच हातांनी चिकटपट्टी गुंडाळली,
चहा घेतला,
जाताना हळूच सांगितलं,
रातचे तीनाक पळय. सगळे न्हिदतात तेन्ना बरी चलता.

तीनला गजर लावला.
तिथे साडेनऊ. तो जेवून बसलेला.
काटा अठ्ठेचाळीस!
मी आधी कपाळाला हात लावला, मग गालावरून खाली,
मग दोन्ही तळवे वर: यातलं कुठलं?
तो बघतच राहिला.
मग त्याने टोपी काढली.
केस कापले होते. अगदी बारीक, कानामागे एक भादरल्याची खूण.
तेवढंच विचारत होता, कसे दिसतात.
चार रात्री मी झोपले नव्हते, गाढवा.
गाढवाची खूण दोन हातांची आहे, ती मी पुरी केली.

मग सगळं सांगितलं, कीर्ती, सनई, माकडं.
कंपनीसाठी आमच्याकडे शब्द नव्हता.
तो विचारात पडला.
आणि एकदम थिजला:
तोंड अर्धं उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला,
बोटं हवेत.
मी राउटरकडे धावले.
दिवा हिरवा.
वळून पाहिलं तर
स्क्रीनवर खांदे हलत होते त्याचे.