वजावट

संग्राहक बंगळुरूहून आले, पांढरे सुती हातमोजे घालून.
माझगावच्या गोदामात ताडपत्री मी ओढली
आणि खाली ती: बुटकी, गोल पाठीची,
ब्रून पावासारखी.
स्वीडनची साब.
गल्लीतली पोरं सोली दुबाशांनाही साबच म्हणत.
हाक मारली की दोघांतलं कोण आधी खोकेल
सांगता यायचं नाही.
जाताना गाडी बाबांच्या नावे करून गेले.

बॉनेट उघडलं.
तीन सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर,
बर्फातल्या शर्यतींसाठी बांधलेलं इंजिन.
त्यानं आयुष्यभर पाहिलं काय,
तर भाऊच्या धक्क्याचा खारा वारा
आणि गनपावडर रोडचे खड्डे.

माझे बाबा, भिवा तोंडवळकर, तिचे मेकॅनिक.
पुस्तक स्वीडिश. ते चित्रं तेवढी वाचत.
काही अक्षरांच्या डोक्यावर इवलं वर्तुळ असायचं.
बाबा म्हणत, बघ, भाषेलासुद्धा वॉशर लागतो,
नाहीतर गळते.

संग्राहकांनी नंबर जुळवले.
चासी, गिअरबॉक्स, जुळतंय, जुळतंय.
मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला
आणि मधल्या सिलिंडरशी थांबले.
‘हा पिस्टन मूळचा नाही.’

नाहीच.
एकोणऐंशी साली मूळचा वितळला.
स्वीडनला तीन पत्रं गेली, एकाचं उत्तर आलं: दिलगीर आहोत.
मग दारूखान्यात तोडायला आलेल्या जहाजाचं ॲल्युमिनियम,
याकूब खराडींचा लेथ
आणि बाबांचा अंगठा.
मायक्रोमीटर होता, नव्हता असं नाही,
पण शेवटचा केसभर फरक ते अंगठ्यानं मोजत.
तीन रात्री.
चौथ्या पहाटे ती वरळीपर्यंत जाऊन आली,
निळा धूर सोडत,
पत्र्याच्या डब्यात फुटाणे उडावेत तशी.
पुढे बत्तीस वर्षं
दोन मूळचे त्या एका परक्यासोबत चालले,
कुरकुर न करता.

म्हटलं, एकदा चालू करून बघू?
‘नको,’ ते म्हणाले, ‘ही आता उभीच राहणार.’

कागदावर रक्कम लिहिली.
खाली एक ओळ:
वजा, मधला पिस्टन, अस्सल नाही, चार लाख.

बाबांना त्या कामाचे साडेतीनशे मिळाले होते,
त्यातले शंभर याकूबचाचांना.
त्यांच्या हाताची एवढी किंमत
कधी कुणी लिहून दिली नव्हती.

सही करण्याआधी मी
त्या कागदाची झेरॉक्स मागितली.