बोट

आरोसाच्या खाडीत माझे तीन तराफे आहेत.
दोर नुसता उचलून
शिंपले किती भरलेत ते सांगतो मी.
पाण्याला तांबूस झाक आली
की बंदीचा निरोप यायच्या आधीच काम थांबवतो.
सांगायचं एवढंच,
खुणा वाचण्यावर माझं पोट आहे.

आणि घरात, पहिल्या वाढदिवसाला,
ब्राइस मेणबत्तीकडे बघतच नव्हता.
कुणीतरी ताटली गरकन फिरवली होती
तिच्या कडेला डोळे लावून बसलेला.
आम्ही हसलो. फोटो काढला.
तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे.

हाक मारली तर वळायचा नाही.
उशियानं त्याच्या पाठीमागे पातेलं आपटलं,
पाठ तशीच.
कान तपासले. कान ठणठणीत.
बिस्किटाचा पुडा फुटला
की दोन खोल्यांपलीकडून हजर,
आणि धुक्यातला भोंगा आम्हाला ऐकू यायच्या आधी
कान दाबून टेबलाखाली.

शेजारची दोरिंदा म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात.
माझा थोरला भाऊ शुर्शो म्हणाला,
तूसुद्धा तीन वर्षं मुका होतास.
मला बरं वाटलं.
फार बरं वाटलं.

पाण्याला 'आउगा' म्हणायचा तो.
दीड वर्षाचा झाला आणि तो शब्द गेला.
शब्द जातो कसा?
दोर तुटला तर निदान टोक हातात राहतं.

कपड्यांचे चिमटे जमिनीवर ओळीत मांडायचा,
रंगानं नाही, लांबीनं नाही,
त्याचा त्याला ठाऊक असा काही नियम.
एक मी सरकवला, गंमत म्हणून.
त्या रात्री कुणीच झोपलं नाही.

पाळणाघरातल्या एरुंदिनानं
एक दिवस दारातच विचारलं,
'तो तुम्हाला काही दाखवतो का?'
म्हटलं, हो, फ्रिज.
मनगट धरून माझा हात मुठीवर नेऊन ठेवतो,
माझ्याकडे न बघता,
मी आकड्यानं दोर ओढतो ना, तसा.
'मागायला नव्हे,' ती म्हणाली.
'उगीच. ते बघा, तिकडे, असं.'

गाडीत बसलो. किल्ली हातातच.
चंद्र आठवला, कुत्री आठवली,
सणाच्या रात्रीची आतषबाजी,
गटारात पडलेला आमच्याच चाकाचा झाकणा.
एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला धक्क्यावर नेलं.
'ती बघ, बोट!'
मी हात लांब केला.
त्यानं बघितलं. खरंच बघितलं.
बोटीकडे नाही, बोटाकडे.
काळं पडलेलं नख, शिंपल्यानं कापल्याची जुनी खूण.
तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला,
एकदा, पुन्हा एकदा,
बोट बंदराबाहेर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत.
मी हात खाली घेतला नाही.
खांदा दुखायला लागला होता.

सान्तियागोच्या इस्पितळातली तारीख मिळाली, मार्चची.
उशिया म्हणते, आधी का नाही गेलो.
मी काही म्हणत नाही.
रात्री मी ब्राइसच्या ओळीशेजारी आडवा झालो,
गाल फरशीला टेकवून, त्याच्यासारखाच.
चिमट्यांच्या स्प्रिंगांमधून
दिव्याचा उजेड बारीक बारीक होत लांब जात होता.
हे त्यानं मला कधी दाखवलं नव्हतं.
मीही कधी खाली वाकलो नव्हतो.

तारखेचा कागद उशियानं
फ्रिजशेजारच्या दोरीला चिमट्यानं लावला होता.
सकाळी तो आला, चिमटा काढला,
ओळीत नेऊन ठेवला.
तिथे एक जागा होती.
कागद खाली पडला.
मी उचलला, खिशात घातला.