किती पायऱ्या

तेलावीच्या नगरभवनात
द्राक्षमेळ्याची बैठक. नेस्तानच्या हाती टेप:
एक वीत चढायचं तर बारा विती लांबी,
नाहीतर तो उतार नव्हे, घसरगुंडी.

चौकातल्या गोट्यांवर फळ्या.
खुणांनी बोलणारी दुभाषी,
तिच्या हातांवर उजेड पाहिजे.
संडासाचं दार बाहेर उघडणारं.
नकाशात पुढच्या रांगेला चार चौकोन,
व्हीलचेअरचे.
आम्ही खूश. चहा मागवला.

झुराब एवढा वेळ गप्प.
त्यानं नकाशा मांडीवर ओढला,
चौकोनावर बोट ठेवलं:
"इथून दिसेल छान.
पण मी खर्जात गातो.
स्टेजला पायऱ्या किती?"

पाच? सहा?
दरवर्षी चढतो आम्ही त्या.
कुणालाच सांगता येईना.